अशील पाच लाख असले की वकील नक्की कुणाचा?

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला प्रोफेशनल एथिक्सचा पेपर असतो, आणि ज्यांनी लॉ केलंय त्यांना माहितीये हा पेपर कसा सुटतो ते. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीची पन्नास ओपिनियन्स, सुप्रीम कोर्टाचे दहा निकाल, थोडं अकाउंटिंग, शेवटी व्हायवा. मी पुण्यात शिकत होतो तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री सीनियरच्या झेरॉक्स नोट्स वाचून पेपर दिला आणि मार्कही चांगले पडले. त्यात सगळं होतं, वकिलाने अशिलाचे पैसे वापरले तर काय, जाहिरात केली तर काय, समोरच्या पार्टीकडून आधी काम घेतलं असेल तर काय. पण चित्र कायम एकच, एक वकील, एक अशील, एक केस. एकाच रात्रीत एका अख्ख्या शहराला इजा झाली, पाच लाख माणसं अशील झाली, तर वकिलाने विचारायचं कुणाला, ऐकायचं कुणाचं, आणि तडजोडीवर सही करताना "माझ्या अशिलाची संमती आहे" हे वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं, हे त्या पेपरात कुठेच नव्हतं. खरं तर हा प्रश्न आपल्याकडे जितक्या मोठ्या आकारात आला तितका जगात फार कमी ठिकाणी आला असेल.

तो आला भोपाळमध्ये, 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री. गॅसबद्दल, टाकीबद्दल, कंपनीबद्दल आपण सगळ्यांनी वाचलंय, ते परत सांगत नाही. मला बोलायचंय ते नंतरच्या कोर्टकचेरीबद्दल, आणि त्या कोर्टकचेरीकडे आयुष्यभर डोळे लावून बसलेल्या एका प्राध्यापकाबद्दल.

उपेंद्र बक्षी. मूळचे राजकोटचे, मुंबई विद्यापीठातून एलएलएम, बर्कलीहून डॉक्टरेट, मग 1973 पासून दिल्ली विद्यापीठात लॉ शिकवलं, 1990 ते 1994 तिथेच कुलगुरू होते, नंतर इंग्लंडमध्ये वॉरिकला गेले. महाराष्ट्रात त्यांचं नाव वकिलांच्या बाहेर फार कुणाला माहीत नसतं, पण एक गोष्ट आपल्या मातीतली आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, कारण काय तर मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने विरोध केल्याचं दिसत नाही. पुढच्या वर्षी चार लॉ टीचर्सनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार. त्या पत्रावरून जी चळवळ उभी राहिली त्यातून 1983 ला कायदा बदलला. चौघांपैकी कुणी त्या केसमध्ये वकील नव्हतं, कुणाला फी नव्हती, कुणी वकीलपत्र दिलेलं नव्हतं. त्यांनी काय केलं, तर निकाल नीट वाचला आणि जिच्या बाजूने कुणी बोलत नव्हतं तिच्या बाजूने बोलले.

मला लीगल एथिक्स म्हटलं की आता हे आठवतं, ती पन्नास ओपिनियन्स नाही आठवत.

आता भोपाळ. दुर्घटनेनंतर आठवड्याच्या आत अमेरिकेतले वकील शहरात पोचले. नावाजलेले लोक होते, मेल्विन बेलींसारखे, आणि आठवड्याच्या आतच अमेरिकेत पहिला दावाही दाखल झाला होता. तिथे फीची पद्धत अशी की केस जिंकली तर मिळालेल्या रकमेचा हिस्सा वकिलाचा, बहुतेक वेळा एक तृतीयांश, हरली तर काही नाही. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे अशी फी ठरवायलाच बंदी आहे. तर हे लोक वस्त्यांमध्ये फिरून वकीलपत्रासारख्या करारांवर सह्या आणि अंगठे घेत होते, हजारोंनी. ज्याच्या घरात दोन दिवसांपूर्वी माणूस गेलाय, ज्याचे डोळे अजून सुजलेले आहेत, तो इंग्रजी कागदावर अंगठा देतोय. संमती म्हणायची का याला? मला नाही वाटत. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की त्या वकिलांना निदान प्रत्येक माणसाचा अंगठा तरी लागत होता. पुढे जे झालं त्यात तोही लागला नाही.

1985 च्या मार्चमध्ये संसदेने भोपाळसाठी खास कायदा केला. त्याने सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लावायचा, लढवायचा आणि मिटवायचा हक्क एकट्या केंद्र सरकारला दिला. कारण दिलं ते पटण्यासारखं होतं, गरीब माणूस बहुराष्ट्रीय कंपनीशी एकटा कसा लढणार, बाहेरचे वकील लुबाडतील, सरकार आई-बापाच्या नात्याने उभं राहील. त्यात कलम 4 होतं, सरकारने पीडितांचं म्हणणं लक्षात घ्यावं आणि कुणाला स्वतःच्या खर्चाने स्वतःचा वकील बरोबर ठेवायचा असेल तर ठेवू द्यावा. वाचायला छान आहे. "लक्षात घ्यावं" या शब्दांवर पाच लाख लोकांचा आवाज टांगलेला होता.

आणि हे आई-बाप कोण? भोपाळचा कारखाना चालवणाऱ्या युनियन कार्बाइड इंडियामध्ये अमेरिकेतल्या मूळ युनियन कार्बाइडचे 50.9 टक्के शेअर होते, आणि उरलेल्यातला बराच मोठा भाग आपल्याच सरकारी वित्तसंस्थांकडे होता. कारखान्याला परवानगी देणारं सरकार, तपासणी करणारं सरकार, शेअर धरून बसलेल्या संस्थाही सरकारी, आणि पीडितांचा वकीलही सरकार. साध्या दिवाणी केसमध्ये एखाद्या वकिलाने असं केलं असतं तर बार कौन्सिलपुढे तक्रार गेली असती. सुप्रीम कोर्टात हा मुद्दा आला तेव्हा उत्तर मिळालं की दुसरं कुणी हे करूच शकत नव्हतं म्हणून चालतं, गरजेचा सिद्धांत. दुसरं कुणी करू शकत नव्हतं कारण कायद्यानेच बाकी सगळ्यांना बाजूला केलं होतं, हे मात्र त्या उत्तरात येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते लॉच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा बसून वाचावं असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतले शंभराहून जास्त दावे जज जॉन कीनन यांच्यापुढे एकत्र आले आणि प्रश्न होता की केस तिथे चालवायची की भारतात. भारत सरकार म्हणत होतं तिथेच चालवा, आमची कोर्टं एवढं मोठं प्रकरण पेलू शकत नाहीत. त्यासाठी विस्कॉन्सिनचे प्राध्यापक मार्क गॅलँटर यांचं ॲफिडेव्हिट दिलं. गॅलँटर भारताच्या कायद्याचे मोठे अभ्यासक, आणि 1974 मध्येच त्यांनी एका गाजलेल्या लेखात मांडलं होतं की कोर्टात वारंवार येणारी पार्टी आणि आयुष्यात एकदाच येणारा माणूस यांच्यात सामना कधी बरोबरीचा नसतोच, नियम कितीही निष्पक्ष असले तरी. दुसऱ्या बाजूला युनियन कार्बाइडसाठी आपले नानी पालखीवाला. मुंबईचे, केशवानंद भारती केसचे पालखीवाला, ज्यांची बजेटवरची भाषणं ऐकायला ब्रेबर्न स्टेडियम भरायचं. त्यांनी शपथेवर सांगितलं की भारतीय न्यायव्यवस्था हे प्रकरण हाताळायला पूर्ण सक्षम आहे. 12 मे 1986 ला कीननसाहेबांनी हीच बाजू उचलून धरली, भारताने जगापुढे ताठ उभं राहून स्वतःच्या लोकांना न्याय द्यावा असं काहीसं लिहून केस भारतात पाठवली.

पालखीवालांवर मी इथे चिखल फेकत नाहीये. वकिलाने आलेली ब्रीफ, म्हणजे केस, घ्यावी हा आपल्याच नियमांचा भाग आहे, आणि आरोपीलाही चांगला वकील मिळालाच पाहिजे हे मी स्वतः वर्गात शिकवतो. पण ॲफिडेव्हिट म्हणजे युक्तिवाद नाही. युक्तिवाद अशिलाचा असतो आणि ॲफिडेव्हिट तुमचं स्वतःचं असतं, त्यात तुम्ही साक्षीदार म्हणून बोलता. आपल्या कोर्टांत दिवाणी दावा किती वर्षं पडून राहतो हे मुंबई हायकोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. गॅलँटरांनाही हाच प्रश्न लागू होतो, तेही एका बाजूने उतरलेले तज्ज्ञ होते. फरक माझ्या मते एवढाच की त्यांनी जे शपथेवर सांगितलं ते ते त्याच्या आधी दहा वर्षं, कुठलाही अशील नसताना, लिहीत होते. प्राध्यापक जेव्हा मोठ्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून उतरतो तेव्हा मी पहिलं हेच बघतो, बिल पाठवायच्या आधी हा काय म्हणत होता.

बक्षी या दोन्ही टोकांना नव्हते. आपली कोर्टं मागासलेली आहेत हा सरकारी सूर त्यांना पटणारा नव्हता, आणि सगळं ठीक आहे हा कंपनीचा सूर तर नाहीच. त्यांचा भर होता की धोक्याचा धंदा करणारी बहुराष्ट्रीय कंपनी म्हणजे एकच घर, खालच्या खोलीत आग लागली तर वरच्या मजल्यावरचा मालक "ती खोली माझी नाही" म्हणू शकत नाही. पण मला त्यांचं त्याहून मोठं काम वाटतं ते वेगळंच आहे, आणि त्याबद्दल कुणी फार बोलत नाही. त्यांनी कागद गोळा केले. थॉमस पॉल यांच्याबरोबर 1986 मध्ये आणि अमिता धांडा यांच्याबरोबर 1990 मध्ये, भोपाळ केसमधले दावे, ॲफिडेव्हिट्स, अर्ज, ऑर्डर्स, सगळं एकत्र करून इंडियन लॉ इन्स्टिट्यूटतर्फे जाडजूड खंड छापले. यात काय एवढं असं वाटेल. पण ज्याने कोर्टात काम केलंय त्याला कळेल. पाच लाख लोकांची केस चालू आहे आणि त्यातल्या एकाकडेही स्वतःच्या दाव्याची कॉपी नाही. आपल्या नावाने सरकारने काय मागितलं, कंपनीने काय उत्तर दिलं, काय कबूल केलं, काही माहीत नाही. वकिलाचं पहिलं कर्तव्य अशिलाला माहिती देणं, ते इथे वकिलाने केलं नाही, एका मास्तराने केलं.

मग 14 फेब्रुवारी 1989. इथे जरा थांबून सांगतो कारण बऱ्याच लोकांना हा क्रम माहीत नसतो. भोपाळच्या जिल्हा कोर्टात सरकारचा दावा 1986 च्या सप्टेंबरमध्ये लागला. मागणी नंतर 3.3 अब्ज डॉलरवर गेली. डिसेंबर 1987 मध्ये जिल्हा न्यायाधीश देव यांनी 350 कोटी रुपये अंतरिम मदत द्यायला सांगितलं, एप्रिल 1988 मध्ये हायकोर्टाने ते 250 कोटी केलं. त्यावर अपील सुप्रीम कोर्टात. म्हणजे सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न फक्त अंतरिम मदतीचा होता, मूळ दाव्यात पुरावा सुरूही झाला नव्हता, एकही पीडित साक्षीला उभा राहिला नव्हता. आणि त्या अपिलाच्या सुनावणीत अख्खी केस मिटली, 47 कोटी डॉलर, मागितलेल्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. वर फौजदारी खटलेही रद्द. कोर्टाने हा आकडा का योग्य वाटला याची कारणं दिली 4 मे ला, तडजोडीनंतर अडीच महिन्यांनी.

या अडीच महिन्यांत पीडितांना काय माहीत होतं? आधी काय माहीत होतं? काहीच नाही. त्यांना विचारलंच नव्हतं. दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या, भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटनेच्या, त्यांचे नेते अब्दुल जब्बार बरोबर होते, आणि त्यांना आपल्या स्वतःच्या केसचा निकाल पेपरमधून कळला होता.

आणि आपल्याकडे कायदा नव्हता असंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत 1976 च्या दुरुस्तीने ऑर्डर 23 मध्ये नियम 3-ब आला, त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रातिनिधिक दाव्यात, म्हणजे बऱ्याच लोकांच्या वतीने चालवलेल्या दाव्यात, कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करायची नाही आणि परवानगी देण्याआधी कोर्टाने संबंधित लोकांना नोटीस द्यायची. गावातल्या देवस्थानच्या जमिनीच्या दाव्यात हा नियम लागतो. डिसेंबर 1989 मध्ये चरणलाल साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने भोपाळ कायदा वैध ठरवला, त्यात हे मान्यही केलं की तडजोडीआधी पीडितांना नोटीस मिळायला हवी होती, पण आता ते सगळं उलटवणं लोकांच्या हिताचं नाही, रिव्ह्यूमध्ये, म्हणजे फेरविचार अर्जात, म्हणणं मांडता येईल, आणि मोठं चांगलं करण्यासाठी कधी थोडं चुकीचं करावं लागतं अशा अर्थाचं एक वाक्य लिहिलं. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. पाच लाख माणसांना न विचारणं ही थोडी चूक?

आता यावर व्यवहारी लोकांचं एक म्हणणं असतं आणि ते हलकं नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, खटला चालवला असता तर वीस वर्षं गेली असती, लोक वाट बघून मेले असते, हातात काहीतरी पडलं हे बरं झालं. मी स्वतः क्लेमच्या केसेस करतो, उशीर म्हणजे काय हे मला रोज दिसतं. पण मग बघा काय झालं. पैसे 1989 मध्ये जमा झाले आणि क्लेम कोर्टांनी अंतिम भरपाई वाटायला सुरुवात केली 1992 मध्ये. मधल्या काळात लोकांनी दिवस काढले ते सरकारने 1990 मध्ये सुरू केलेल्या महिना 200 रुपयांवर. तडजोडीत मृतांचा आकडा साधारण 3,000 धरला होता, पुढे सरकारी हिशोबातच तो 5,295 झाला. जखमींचा अंदाज धरला होता लाखभर, भरपाई द्यावी लागली साडेपाच लाखांच्या वर. म्हणजे आकडाच चुकला, आणि तो चुकला कारण ज्यांना माहीत होतं त्यांना विचारलं नाही. सरसकट जखमींच्या हातात सुरुवातीला पडले पंचवीस हजार, आयुष्यभराच्या फुप्फुसांसाठी. घाईने लोकांचं भलं होतं हे मला भोपाळच्या बाबतीत कुणी कागदावर दाखवून द्यावं.

3 ऑक्टोबर 1991 ला रिव्ह्यूचा निकाल आला, फौजदारी खटले परत सुरू झाले, पैशाची तडजोड तशीच राहिली, आणि कोर्टाने सरकारला सांगितलं की कमी पडलं तर तुम्ही भरा, शिवाय पुढे ज्यांना आजार उद्भवतील अशा लोकांसाठी विमा काढा. तो विमा सरकारने कधी काढलाच नाही. हे 14 मार्च 2023 ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलं, सरकारची क्युरेटिव्ह पिटीशन, म्हणजे रिव्ह्यूनंतरची शेवटची याचिका, फेटाळताना. पीडितांच्या नावाने केस चालवायचा एकाधिकार घेतलेला वकील, आणि त्याने अशिलाचा विमा तीस वर्षं काढला नाही. एखाद्या खासगी वकिलाने केलं असतं तर सनद राहिली असती का?

अमेरिकेत सगळं चांगलं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. व्हिएतनाम युद्धात एजंट ऑरेंज नावाचं तणनाशक फवारलं होतं, त्याने आजारी पडलेल्या माजी सैनिकांचा मोठा खटला ब्रुकलिनला जॅक वाइनस्टाइन यांच्यापुढे होता. हेही मूळ प्राध्यापक, कोलंबियाला शिकवायचे, आणि पुढे मास टॉर्टमधल्या, म्हणजे एकाच कारणाने हजारोंना इजा झालेल्या भरपाईच्या खटल्यांमधल्या, नैतिक पेचांवर त्यांनी बरंच लिहिलं. मे 1984 मध्ये ज्युरी बसायच्या काही तास आधी 18 कोटी डॉलरला ते प्रकरण मिटलं, आणि कितीतरी सैनिकांना ती रक्कम थट्टा वाटली. पण त्यानंतर वाइनस्टाइन काय करतात, तर न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को अशा पाच शहरांत सुनावण्या घेतात, शेकडो सैनिक आणि त्यांच्या बायका येऊन तोंडावर बोलतात, बरेच जण "ही तडजोड नको" म्हणतात. त्यांनी ती शेवटी मंजूरच केली, हे खरं. पण ऐकून मंजूर केली. वकिलांच्या फीलाही मोठी कात्री लावली. त्याच केसमधली आणखी एक गोष्ट, वकिलांनी आपसात ठरवलं होतं की ज्यांनी खटल्यासाठी पैसे घातले त्यांना फीमधून आधी तिप्पट परत मिळेल. वरच्या कोर्टाने 1987 मध्ये तो करार रद्द केला, कारण असा करार असेल तर वकिलाला लवकर मिटवण्यात जास्त रस, खटला लढण्यात कमी. अशिलाला किती मिळतं याच्याशी त्याच्या नफ्याचा संबंधच उरत नाही.

तिथल्या बार असोसिएशनच्या नमुना नियमांत एक साधी अट आहे, अनेक अशिलांचे दावे एकगठ्ठा मिटवायचे असतील तर प्रत्येकाला, इतरांना किती मिळतंय हे सांगून, लेखी संमती घ्यायची. यावर तिथल्या प्राध्यापकांत जोरदार वाद आहे. काही म्हणतात हजारो लोकांत एकजण अडून बसला तर सगळं अडतं, म्हणून बहुमताने मिटवू द्या, आणि 2010 मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने तसं सुचवलंही. दुसरे म्हणतात माझा दावा माझा आहे, शेजाऱ्याच्या मताने कसा मिटेल. मी स्वतः दुसऱ्या बाजूला झुकतो, पण हा वाद तिथे होतो तरी. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत एकगठ्ठा तडजोडीसाठी असं थेट कलमच नाही, त्यामुळे वाद कशावर घालणार.

भोपाळ लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. वकिलीच्या पहिल्या वर्षी मी एका सीनियरकडे मोटार अपघाताचे क्लेम बघायचो. लोकअदालतीचा दिवस म्हणजे जिल्हा कोर्टात जत्रा, मंडप, खुर्च्या, इन्शुरन्स कंपन्यांचे अधिकारी फायलींचा गठ्ठा घेऊन बसलेले. एका गठ्ठ्यात आमच्या अकरा केसेस होत्या, एकाच वडापच्या जीपचा अपघात, अकरा घरं. सीनियर आणि कंपनीचा माणूस यांनी चहा घेता घेता अकराही मिटवल्या, ही इतक्याला घ्या, ती जरा वाढवा, त्या बदल्यात ही कमी करा. माझं काम तडजोड पुरशीस, म्हणजे तडजोडीचा कोर्टात द्यायचा कागद, लिहायचं आणि सह्या घ्यायच्या. एक म्हातारी होती, मुलगा गेला होता तिचा. मी म्हटलं, मावशी, इथं अंगठा द्या. तिने शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवायच्या आधी थांबली, म्हणाली, "दादा, यात माझ्या पोराचं नाव कुठाय ते दाखवा आधी." मी कागद खालपासून वरपर्यंत बघितला. क्लेम नंबर होता, अर्जदाराचं नाव होतं, गाडीचा नंबर होता, रक्कम होती. तिच्या पोराचं नाव नव्हतं. मी काय केलं असेल? तिच्या नावावर बोट ठेवून म्हटलं, हे बघा, इथंय. तिने त्यावर अंगठा टेकवला.

तिचा आकडा दुसऱ्या कुणासाठी कमी झाला होता, हे तिला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. टक्केवारी तोंडी ठरलेली होती, कागदावर अर्थातच काही नाही. नियमात हिश्श्याच्या फीला बंदी आहे म्हणून ती बंद झाली नाही, फक्त कागदावरून गेली, आणि कागदावरून गेली की अशिलाला भांडायला काही उरत नाही. माझं मत आता असं झालंय की अपघात आणि भरपाईच्या केसेसमध्ये हिश्श्याची फी उघडपणे, कोर्टाच्या देखरेखीखाली आणि कमाल मर्यादा घालून परवानगीत आणावी. बरेच वकील मित्र यावर चिडतात. पण सध्याच्या बंदीने त्या मावशीचं रक्षण होत नव्हतं, हे मी स्वतः बघितलंय, नव्हे, केलंय.

आणि पुढची केस येतच असते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले, काहींची दृष्टी गेली. 2021 मध्ये नवरे गमावलेल्या दोन बायका आणि वाचलेला एक शेतकरी यांनी थेट स्वित्झर्लंडला, बासेलच्या कोर्टात, कीटकनाशक कंपनीवर दावा लावला. कंपनी जबाबदारी नाकारते आणि निवाडा कोर्टाचा, मी तो इथे करत नाही. पण न्यूयॉर्कचाच प्रश्न परत आला की नाही बघा, कंपनी जिथली तिथे जायचं की घटना जिथली तिथे. फरक असा की यावेळी कुठे जायचं हे सरकारने ठरवलं नाही, स्वतः त्या तिघांनी ठरवलं, स्वतःच्या नावाने. मला हे फार मोठं वाटतं. यवतमाळच्या खेड्यातली बाई दाव्यात स्वतः वादी आहे.

अशा वेळी आपले लॉचे प्राध्यापक कुठे असतात? बक्षींसारखी माणसं इतकी कमी का? माणसं वाईट आहेत म्हणून नाही. आपल्याकडे पूर्णवेळ पगारी शिक्षकाला वकिली करता येत नाही. उलट बाजूने, माझ्यासारख्या वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं, मी सकाळी सात ते नऊ तेच करतो. पण जो आयुष्यभर टॉर्ट्स शिकवतो त्याने कोर्टाचं तोंड बघायचं नाही, अशी ही भिंत आहे. बक्षींनी त्या भिंतीला बगल दिली, 1981 मध्ये आग्र्याच्या महिला संरक्षणगृहातल्या हालांबद्दल लोतिका सरकार यांच्याबरोबर सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि तेच पिटीशन झालं. पण प्रत्येक वेळी पत्रावर कसं भागणार. माझी मागणी साधी आहे. शंभराहून जास्त लोकांचे दावे एकत्र मिटणार असतील, मग वकील खासगी असो की सरकार, तर कोर्टाने ऑर्डर 23 च्या नोटिशीचं तत्त्व सक्तीने लावावं, सुनावणी जिथे माणसं राहतात तिथे, त्यांच्या भाषेत घ्यावी, आणि एका लॉ टीचरला न्यायमित्र म्हणून नेमावं ज्याचं काम एवढंच असेल, प्रत्येकाला कळलंय का ते तपासणं आणि न कळलेल्यांचं म्हणणं कोर्टापुढे ठेवणं. त्याची फी तडजोडीच्या रकमेतून नको, कोर्टाने द्यावी. विद्यापीठांनी हे काम अध्यापनाचाच भाग धरावं.

एथिक्सचा पेपर आता मीच शिकवतो. पन्नास ओपिनियन्स सिलॅबसला आहेत त्यामुळे ती घ्यावीच लागतात, पण पहिले दोन आठवडे मी भोपाळचे कागद वाचायला लावतो, कलम 4 पासून 4 मे च्या कारणांपर्यंत. आणि पुढच्या लोकअदालतीला पोरांना मंडपात पाठवतो. काम एकच देतो. ज्यांनी नुकताच अंगठा दिलाय किंवा सही केलीये अशा माणसांजवळ बसायचं, त्यांच्या परवानगीने पुरशीस हातात घ्यायची आणि ती शब्दन्‌शब्द मराठीत वाचून दाखवायची. मागच्या वेळी एक मुलगी संध्याकाळी परत आली, म्हणाली, सर, एका काकांना सगळी वाचून दाखवली, त्यांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, बाई, परत एकदा वाच.